यादीतलं शेवटचं घर

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. सोलापुरात खाली आमचं धान्याचं दुकान आणि वर घर, आणि मी दिवसातून वीस वेळा तो जिना चढायची-उतरायची. वडील गल्ल्यावरून ओरडायचे, "बस की गं एका जागी!" घरात आम्ही कानडी बोलायचो, दुकानात मराठी, आणि कॉलेजात गेल्यापासून मी इंग्रजीही फाडफाड बोलायला लागले होते. वक्तृत्वाची दोन-तीन बक्षिसं मिळाली होती, त्यामुळे डोक्यात चांगलीच हवा गेली होती. बी. ए.चं शेवटचं वर्ष होतं. परीक्षा झाली की लग्न, हे घरात ठरलेलं होतं. फक्त मुलगा ठरायचा होता.

दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली असतील. माघातले दिवस होते. कुठल्याशा थंड देशातले पाच विद्यार्थी माढा तालुक्यातल्या एका गावात येणार आहेत, शाळेची खोली बांधायला मदत करणार आहेत आणि मुलांना थोडं शिकवणार आहेत, असं आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं. तीन आठवड्यांचं काम. त्यांना दुभाषी हवा होता, आणि पाचांत दोन मुली असल्यामुळे मुलगी असेल तर बरं, असं ते म्हणाले. मी हात वर करायचंही विसरले, सरळ उठून उभी राहिले.

वडिलांनी तीन दिवस नाही म्हटलं. चौथ्या दिवशी माझी घरभर चाललेली आदळआपट बघून हो म्हटलं. एवढंच सांगितलं, की मुक्काम हेडमास्तरांच्या घरी करायचा, अभ्यासाची पुस्तकं न्यायची, आणि "कुणाकडं जेवायचं, कुणाकडं नाही, ते तुझं तुला कळतंच." मी मान डोलावली. पुस्तकं नेली, उघडली नाहीत.

टेंभुर्णीला एसटीतून उतरलो, पुढे बैलगाडी होती. पाच परदेशी पोरं गाडीत बसायला तयार होईनात, बैलांना ओझं होईल म्हणून. ती मागून चालत आली, गाडीत त्यांच्या पिशव्या आणि मी. गाडीवान मला म्हणाला, "ह्यांच्याकडं बैलं न्हाईत का वो?" त्यांच्या म्होरक्याची दाढी तांबूस होती. गावात पोचायच्या आत त्याचं नाव तांबडेबुवा पडलं होतं. दोन मुलींतली एक फार उंच होती, आणि उन्हानं तिच्या नाकाची साल निघाली होती. तिला गावातल्या बायका पहिल्या दिवसापासून नाकाला लावायला लोणी देत होत्या.

शाळेला दोन खोल्या होत्या, सातवीपर्यंतचे वर्ग त्यातच. तिसऱ्या खोलीचा नुसता चौथरा झाला होता आणि शेजारी दगडांचा ढीग. हेडमास्तरांनी आम्हाला त्या चौथऱ्यावर उभं करून सगळं समजावून सांगितलं, आणि मी ते इंग्रजीत सांगितलं. गावाला आठवीचा वर्ग मिळायचा होता, पण त्याला वेगळी खोली हवी. तीन आठवड्यांनी बुधवारी साहेब येणार. त्या दिवशी खोलीवर पत्रे असले तर जूनपासून आठवी सुरू. नसले तर वर्ग शेजारच्या गावाला जाणार, आणि ते गाव आपली खोली बांधून तयार बसलं होतं. गावची माणसं सगळी ज्वारीच्या काढणीत अडकलेली. गवंडी एक होता, पण त्याच्या हाताखाली कुणी नव्हतं. म्हणून ही पाच पोरं.

मग त्यांनी आम्हाला सातवीचा वर्ग दाखवला. दाराजवळ एका पोत्यावर एक मुलगी बसली होती, बाकीच्यांपेक्षा हातभर उंच. गुरुजींनी फळ्यावर व्याजाचं गणित घातलं, तर त्यांचा खडू खाली यायच्या आधी ती पुटपुटून मोकळी. मी बाहेर आल्यावर विचारलं, "ही एवढी मोठी सातवीत कशी?"

"ती गेल्या वर्षीच पास झाली. पहिल्या नंबरानं."

"मग?"

"मग काय, पुन्हा सातवी. हजेरीवर नाव नाही तिचं. मीच म्हटलं, ये नि बसत जा. आठवी टेंभुर्णीला, पोरीला तिथवर रोज कोण धाडतंय? घरी बसली की लग्न उरकून टाकतील. स्थळ आलेलंच आहे. यंदा आठवी आली तर वाचली, नाही तर या वैशाखात उजवली म्हणून समजा."

गावाबाहेर ओढ्याच्या खालच्या अंगाला जी वस्ती होती, तिथली ती मुलगी. म्हणून दाराजवळ. तिचे वडील, ज्यांना ती आण्णा म्हणायची, कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे हाताखालचे कामगार होते, रविवारी घरी यायचे. मी परत वर्गात डोकावले तर ती पोत्याचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. जे धडे पाठ आहेत ते दुसऱ्यांदा ऐकत बसायचं, रोज, वर्षभर. मला ते बघवेना. मी मनाशी म्हटलं, काही झालं तरी ही खोली झालीच पाहिजे. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि मनाशी म्हटलेलं सगळं होतं अशी माझी समजूत होती.

पहिले दोन दिवस काम झपाट्यानं झालं. पोरं दगड वाहायची, माती कालवायची, चौथऱ्यात मुरूम भरायची. गवंडी खुशीत होता. तिसऱ्या दिवशी सरपंच आले आणि म्हणाले, "पाहुणे आल्यात आन् शाळंत भात खात्यात, गावाची अब्रू ऱ्हायली का?" त्यांनी आणि हेडमास्तरांनी बसून यादी केली. रोज दुपारी एका घरी जेवण. सरपंचांनी घरं सांगितली, हेडमास्तरांनी लिहिली. शेवटी हेडमास्तरांनी स्वतःच्या मनानं त्या मुलीचं घर लिहिलं. सरपंचांनी यादीकडे बघितलं, हेडमास्तरांकडे बघितलं, आणि म्हणाले, "असू द्या. शेवटी हाय, बघू तवाचं तवा." मी तिथेच बसले होते. हे मी त्या पाचांना इंग्रजीत सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

आणि मग गावानं आमची खोली जेवणानं पाडायला घेतली. दुसरा शब्द नाही. पहिल्या घरी पुरणपोळी झाली, म्हणून दुसऱ्या घरी पुरणपोळीबरोबर भजी. तिसऱ्या घरी शेंगापोळी आणि वर वाटीभर तूप. चौथ्या घरानं पोरांना टोपी-टॉवेल दिला, पोरींना खण-नारळ, मग ते सगळ्यांनाच द्यावं लागलं. अकराला हातातली घमेली खाली ठेवायची, हातपाय धुवायचे, ओवाळून घ्यायचं, पाटावर बसायचं, "घ्या की, एवढी एक घ्याच की" ऐकत पोळीवर पोळी खायची, मग सुपारी, मग घरातल्या म्हाताऱ्यांचे प्रश्न. तुमच्यात लग्नं कोण ठरवतं, तुमच्याकडं शेळ्या हायत का, बर्फ पडतो तवा जनावरं कुटं बांधता. परत येईपर्यंत तीन वाजायचे. दोन पोरं पोट धरून झोपलेली, तिसरा पेंगत दगड उचलणार. गवंडी चुन्याची थापी हातात धरून मला म्हणायचा, "बाई, ह्यांला जेवू घालायचं का भिंत बांधायची, एकदा ठरवा."

मला ते कळत होतं. मला रोज सकाळी भिंत किती वर आली ते बघितल्याशिवाय चहा जात नव्हता. पण खरं सांगायचं तर दुपारची ती पंगत मला आवडायची. घरच्या बाईनं काही म्हटलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. मी त्यात आणखी मीठ-मसाला घालून सांगायची, पोरं हसायची, मग त्यांचं उत्तर मी परत मराठीत सांगायची, आख्खं घर हसायचं. सगळ्या घरांत मी काकू, मामी, वहिनी म्हणत फिरत होते. कुणाला नाही म्हणायचं माझ्या जिभेवरच येत नव्हतं. एका घरची पंगत चुकवली तर ते घर आयुष्यभर बोलून दाखवेल, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी त्यांच्यातलीच होते.

ती मुलगी शाळा सुटली की चौथऱ्याजवळ येऊन उभी राहायची. दगडांचे थर मोजायची. एकदा मला म्हणाली, "ताई, रोज दीड थर चढतोया. आसं ऱ्हायलं तर बुधवारपत्तर खिडकीच्या वर न्हाय जाणार." मी म्हटलं, "जाईल गं." ती म्हणाली, "गणितात तर न्हाय जात." मला राग आला; ती बरोबर होती म्हणून जास्तच आला.

शेवटच्या आठवड्यात मात्र माझा धीर सुटला. भिंती खिडकीच्या डोक्यापर्यंतच आलेल्या. मी सगळ्यांच्या मागे लागले. काढणीवरून परतणाऱ्या माणसांना रस्त्यात अडवून दोन-दोन तास कामाला जुंपलं. हेडमास्तरांनाही घमेलं उचलायला लावलं. पंगती चालू होत्या, पण मी मध्येच "उठा, उठा" करायची आणि बायका माझ्याकडे रागानं बघायच्या. शनिवारी कुर्डुवाडीहून ट्रकनं पत्रे आले. रविवारी दुपारी भिंती पुऱ्या झाल्या. आता वासे चढवायचे आणि पत्रे ठोकायचे. गवंडी म्हणाला, सगळे हात सकाळपासून लागले तर सोमवार आणि मंगळवार दुपारपर्यंत होईल, एक तास इकडेतिकडे झाला तर नाही.

वासे होते सरपंचांच्या मळ्यातल्या छपरात, गावापासून मैलभर. मी रविवारीच गाडी मागायला गेले. बैल ज्वारी वाहण्यात होते, उद्या सकाळी म्हटलं तर सरपंच म्हणाले, "उद्या सोमवार हाय, बाई. म्हादेवाच्या नंदीला जू लावायचं न्हाय." आमच्या आजोळीही सोमवारी बैल जुंपत नाहीत, त्यामुळे मी हूं की चूं केलं नाही. वासे पोरांनी खांद्यावरून आणायचे असं ठरलं. बैलाचा सोमवार मोडायचा नाही हे मला एका क्षणात पटलं, ही गोष्ट आज मला फार टोचते.

कारण सोमवारी यादीतलं शेवटचं घर होतं.

मी तांबडेबुवाला सांगितलं, उद्याचं जेवण रद्द करू. तो म्हणाला, "चालेल का? तूच सांग, तुला इथलं कळतं." साल निघालेल्या नाकाची ती उंच मुलगी म्हणाली, "पण ते त्या हुशार मुलीचं घर आहे ना? मी एकटी जाते. एक माणूस कमी पडलं तर काय होतं?" मी तिला म्हटलं, एकटीनं जाणं बरं दिसत नाही. का बरं दिसत नाही ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ऊन कलल्यावर मी वस्तीवर गेले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. घर पांढऱ्या मातीनं नुकतं सारवलं होतं, अजून ओलं होतं. दाराशी सात पाट एकावर एक ठेवलेले, वेगवेगळ्या घरांतून मागून आणलेले असणार, कारण एकही दुसऱ्यासारखा नव्हता. मुलीचे वडील कुठे बाहेर गेले होते, आई चुलीपुढे डाळ निवडत होती. ती लगबगीनं उठली. मी तिला काय हाक मारली ते मला आठवत नाही. बहुतेक कसलीच नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं, उद्या जमणार नाही, खोलीचं काम आहे, पाहुण्यांचे हात मोकळे हवेत.

ती म्हणाली, "मंग म्या तितंच घिऊन येते की. डोक्यावर पाटी घिऊन. खातील अन् लागतील कामाला."

मला लगेच दिसलं ते असं, की वस्तीतून पाटी येणार, आणि तिथे गवंडी असणार, सरपंचांची माणसं असणार, ऐन मोक्याच्या वेळी कुणी हात आखडले तर पत्रे राहतील. मी म्हटलं, "नको. तिथं गावातली माणसं असतात. उगीच गोंधळ होईल."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली. एवढंच. मुलगी मात्र माझ्या मागे ओढ्यापर्यंत आली. "ताई, पाव्हणे यायलाच पायजेत," ती म्हणाली. "आण्णा म्हणाल्यात." मी घाईत होते. मी म्हटलं, "अगं, तुझ्याच खोलीसाठी चाललंय ना हे सगळं? जेवण मोठं की आठवी?" ती ओढ्याशीच थांबली. मला वाटलं, तिला पटलं.

सोमवारी आम्ही जीव तोडून राबलो. दुपारी उभ्यानं भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, त्या तीन आठवड्यांतलं सगळ्यात चांगलं जेवण. मंगळवारी दोन वाजता शेवटचा पत्रा ठोकून झाला. पोरांनी आरडाओरडा केला, गवंड्यानं स्वतःच्या खिशातून चिरमुरे-बत्तासे वाटले. मला कधी नव्हे ते एका जागी बसावंसं वाटलं. पण बसले नाही, कारण मला ही बातमी स्वतः सांगायची होती. मी जवळजवळ पळत वस्तीवर गेले.

मुलीची आई एकटीच बाहेर बसली होती. पाट गेले होते. मी म्हटलं, "खोली झाली. पत्रे चढले. आता तुमची मुलगी आठवीत."

"व्हय," ती म्हणाली. "पत्रा दिसला हितनं. चमाकला." मग तिनं मला बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. शांतपणे, जणू दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. तिचा नवरा पोरीला पुढं शिकवायच्या विरुद्ध नव्हता. पण आठवीतली वयात आलेली पोरगी परत दाराजवळ पोत्यावर बसणार असेल, तर तसलं शिक्षण नको, असं तो म्हणत होता. आधीच्या रविवारी त्यानं शब्द दिला होता: हे पाहुणे गावादेखत आपल्या घरी जेवले, तर त्या खोलीत आपलाही वाटा आहे असं तो समजेल आणि पोरीला पाठवेल. नाही तर स्थळ आहेच. सोमवारी त्यानं कारखान्यात खाडा केला होता. नवी टोपी घालून दुपारपर्यंत दारात बसला होता. मी येऊन गेल्याचं बायकोनं त्याला रविवारीच सांगितलं होतं, तरी बसला होता.

"आन् पाटीचं सांगितलं त्यांला म्या," ती म्हणाली. "तुमी नगं म्हणाला ते."

मी काहीतरी बोलू लागले, कामाचं, वेळेचं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. झालं ते झालं. पर आजून एक हुईल. पुरणाच्या चार पोळ्या ऱ्हायल्यात, कालच्या हायत पर चांगल्या हायत. तुमी जेवा. पाव्हण्यांच्या वतीनं ताई जेवून गेल्या म्हणून सांगते मालकांला. हितंच बसा, हात धुवा. तेवडं केलं तर मी त्यांच्याशी भांडंन, लगीन वर्सभर लांबवीन." आणि ती उठली, आत गेली, आणि जर्मनच्या ताटलीत दोन पोळ्या, गुळवणी घेऊन बाहेर आली.

मी विचार केला असता आणि मग नाही म्हटलं असतं, तर निदान मला ते कबूल करता आलं असतं. मी विचार केलाच नाही. आमच्या घरात जात मानायची नाही असं आम्हाला लहानपणापासून शिकवलं होतं. आमच्या धर्माची सुरुवातच तिथून. वक्तृत्वात मी त्यावरच बक्षीस घेतलं होतं. ताटली माझ्यासमोर आली आणि माझा हात मांडीवरून उठला नाही. तोंडातून मात्र फटकन आलं, "माझा आज उपास आहे."

"मंगळवार धरता व्हय?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं ताटली परत नेली. चेहऱ्यावर काही नव्हतं. उपासाच्या माणसाला आग्रह करायचा नाही, ही रीत तिनं पाळली.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे सुटेन. बुधवारी साहेब आले, पत्र्यांकडे बघून मान हलवली, कागदावर सही केली. सरपंचांनी भाषण केलं, मी ते इंग्रजीत सांगितलं, पोरं रडली. परतीच्या वाटेवर त्या उंच मुलीनं मला विचारलं, ती हुशार मुलगी समारंभात कशी दिसली नाही. मी म्हटलं, घरी काम असेल. ते पाच जण आपल्या देशी गेले. जुलैत हेडमास्तरांचं कार्ड आलं. आठवी सुरू झाली होती, खोली भरली होती. खाली एका ओळीत त्या मुलीचं लग्न वैशाखात झाल्याचं लिहिलं होतं, आणि ती आता कुर्डुवाडीच्या पलीकडे कुठल्याशा गावी असते. माझंही लग्न त्याच वर्षी झालं. नंतर मी शिकवण्याची नोकरी धरली आणि तीस वर्षं केली. शाळा बांधल्याची ही हकीकत मी कितीतरी वेळा सांगितली आहे, निरोपसमारंभांत, मुलांना, नातवंडांना. पंगतींचं सांगते, तांबडेबुवांचं सांगते, खूप हसवते. वस्तीवरच्या रविवारचं आणि मंगळवारचं कधी सांगितलं नाही. अजूनही कुणी "बसा, दोन घास खाऊन जा" म्हटलं की माझे पाय आधी दाराकडे वळतात, मग मी त्यांना जबरदस्तीनं आत नेते आणि वाढतील ते खाते. त्यानं काही फिटत नाही, हे मला माहीत आहे.

त्या मंगळवारी मी वस्तीवरून निघाले तेव्हा ती मुलगी घरामागून आली. ती आतून सगळं ऐकत होती, हे मला तिच्याकडे बघूनच कळलं. ती माझ्याबरोबर ओढा ओलांडून आली, शाळेचे पत्रे दिसतात तिथपर्यंत. मला तिच्याशी बोलायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता. मी, जिला तीन भाषांत बोलता येत होतं. शेवटी तीच थांबली.

"गेल्या मंगळवारी तुमी सरपंचांकडं जेवला," ती म्हणाली. "आमी पोरं अंगणात गाणं म्हणत हुतो. म्या बगितलं."

मी मान खाली घातली.

"आईला न्हाय सांगणार म्या," ती म्हणाली. "तिला लई वाईट वाटंल." आणि ती वळून घरी गेली.